आज्यांचा समुद्र

ओसाका
१८ एप्रिल २०१६

चि. हारिम हिला मावशीचे आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतेस, मी काही न ऐकता "बरं बरं" म्हणते आणि दोघी खूश होतो. तसलं बोलणं आता पुरे. तरुणपणी पाण्यात घातलेले कान म्हातारपणी संपावर गेलेत. म्हणून कागदावर लिहिते. तूही लिहीतच जा.

मेच्या सुट्टीत तेत्सुओ बायको-मुलींना घेऊन तुझ्याकडे येतो आहे. माझा लेक बेचाळिशीला आला, पण त्याने आईचं गाव अजून पाहिलेलं नाही. साओरी जपानी. आपल्या बोलीतलं तिला "जेवलीस का" एवढंच येतं, आणि ते ती सकाळ, दुपार, रात्र कुणालाही विचारते. मिओ नऊ वर्षांची, काना पाच. मिओ प्रश्न विचारते आणि काना मिओ जे करेल ते करते. म्हणजे एकीवर लक्ष ठेवलंस की दोघींवर राहतं.

मी येत नाही. विमानात डॉक्टर बसू देत नाहीत आणि बोटीचं तर नावच काढू नकोस. पाण्याखाली श्वास धरणाऱ्या बाईला बोट लागते, हस खुशाल.

त्यांना पाहुण्यांसारखं ठेवू नकोस, घरच्यांसारखं ठेव. कुट्टूची धिरडी कर, आत मुळा भर, वर साखर घालू नकोस. आणि तुझं काय ते नीट लिही. आई गेल्यावर पुसानची नोकरी सोडून तू तिच्या घरी आलीस, पाण्यात उतरायला शिकलीस, इथवर कळलं. पुढे काय? पाणबुड्या बायांनी तुला आपल्यात घेतलं की नाही?

तुझी मावशी
ओक्सून


सोलगेत, जेजू बेट
२५ एप्रिल २०१६

मावशीला वाकून नमस्कार.

तेत्सुओदादा येणार हे वाचल्यापासून मी आईची खोली तीनदा झाडली. जमिनीवरच्या गाद्या वहिनींना चालतील ना? मुलींना तिखट किती? कानाला रात्री दिवा लागतो का? कृपा करून कळव. नाहीतर मी दिवा लावूनही काळजी करीन आणि विझवूनही.

माझं अजून काही ठरलेलं नाही. वर्षभर मी बायांबरोबर जाते, पण किनाऱ्यावर. त्यांच्या जाळ्या ओढते, शेवाळ वाळत घालते, त्या सांगतील तिथे कमरेएवढ्या पाण्यात बुड्या मारते. वीस मेला गावातल्या सगळ्या पाणबुड्या बाया बसतील आणि मला घ्यायचं की नाही ते ठरवतील. आमच्याकडे बहुमत चालत नाही, हे तुला मी काय सांगावं. एकीनेही "नको" म्हटलं की नको. पाण्याखाली कुणाचा पाय अडकला तर शेजारच्या बाईनेच सोडवायचा असतो. जिच्यावर सगळ्यांचा विश्वास नाही तिला कशाला नेतील?

बुन्जाकाकू मुख्य आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मालसूनआजींच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं, पण त्या माझ्याकडे बघतच नाहीत. आईच्या शेजारी त्या कित्येक वर्षं पाण्यात होत्या. मला पाहून त्यांना आई आठवत असेल, की मी आईसारखी नाही हे आठवत असेल, ते समजत नाही.

पुसानच्या ऑफिसने माझी जागा जूनपर्यंत राखून ठेवली आहे. बायांनी नको म्हटलं तर घराला कुलूप लावून जाईन. मला जायचं नाही, मावशी. हे मी तुलाच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी
हारिम


सोलगेत
७ मे २०१६

मावशीला नमस्कार.

मंडळी सुखरूप निघाली. तुझ्यापर्यंत पोचलीही असतील. आधी चांगलं सांगते, मग दुसरं.

तेत्सुओदादाने गावाला वेड लावलं. तो बोलायला लागला आणि दुकानासमोर बसलेल्या बायांच्या हातातलं काम थांबलं. तुझ्याकडून शिकलेली बोली तो बोलतो, पण ती आता इथे कुणी बोलत नाही. बुन्जाकाकू म्हणाल्या, "हा कोण गं? माझे सासरे मेल्यावर ओसाकाला जन्माला आले की काय?" मग जी ती काहीतरी निमित्त काढून त्याला बोलतं करायला येऊ लागली. एक आजी त्याला मीठ मागायला तीन वेळा आल्या. त्यांच्या घरी मीठ वाळवतात.

वहिनी समोर येईल त्या प्रत्येकीला "जेवलीस का" विचारत होत्या. इथे ते आपण सगळेच विचारतो, पण उत्तर ऐकायला कोण थांबतं? वहिनी थांबायच्या. हात जोडून, मान झुकवून, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी बाया जेवून आल्यावर मुद्दाम आमच्या दारावरून जाऊ लागल्या.

पहिल्या सकाळी किनाऱ्यावरून शीळ ऐकू आली तशी मिओने विचारलं, "हा कुठला पक्षी?" दादाने तिला धक्क्यावर नेऊन दाखवलं. पाण्यातून डोकं वर येतं, बाई कोंडलेला श्वास सोडते, तीच शीळ. मग मिओ डोकी मोजत बसली. एक डोकं खाली गेलं की तीही श्वास धरायची आणि प्रत्येक वेळी आधी हरायची. "आजी ऐंशी वर्षांच्या आहेत आणि मी नऊ, मग मी का हरते?" इतकी वर्षं मी त्या बायांना पाहते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कानाने खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर जे अंग टाकलं ते जेवायलाही उठेना. तिला ताटासकट तिथेच भरवलं.

आता दुसरं.

चार तारखेला सकाळी ओहोटीला मुली एकट्याच खाली गेल्या. मी घरात भात शिजवत होते. शेजारच्या खडकांत पायच बुडतील एवढं पाणी असतं, त्यामुळे मला भीती वाटली नाही. परत आल्या तेव्हा माझं मोठं पातेलं शंखांनी भरलेलं. मी काही बोलायच्या आत दोघी पळत मालसूनआजींच्या दारात. मिओने वाकून, दोन्ही हातांनी पातेलं पुढे केलं. मागे कानाही वाकली आणि पडली.

मावशी, ते पाणी आज्यांचं आहे. किनाऱ्यालगतचा तो पट्टा सत्तरीच्या पुढच्या बायांसाठी ठेवलेला असतो. तरुण बाई तिथे हातसुद्धा बुडवत नाही. तिने खोल जायचं. मुलींनी नेमकी तिथलीच सगळी कपार पुसून आणली होती. आणि शंख कसले, सगळे बारके, अंगठ्याएवढे. ते आम्ही कधीच काढत नाही. त्यात त्या दिवशी काढणी बंद होती.

मालसूनआजींनी पातेल्यात पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते घेतलं, मान लववली आणि मुलींच्या ओंजळीत संत्री भरली. मुली नाचत घरी आल्या.

दुपारी आजी माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "तुझ्या पाहुण्यांनी माझं मलाच आणून दिलं गं." आणि पातेलं माझ्या हातात ठेवलं. शंख अजून जिवंत होते. आम्ही दोघी खाली गेलो आणि एकेक करून परत कपारींत ठेवले. त्यांची पाठ दुखते, तरी मला एकटीला ठेवू दिलं नाही. तू उलटे ठेवतेस, म्हणाल्या.

संध्याकाळी शेकोटीशी सगळ्या बाया होत्या. कुणी विचारायच्या आत मी उठून सांगितलं, "माझ्या घरच्यांनी केलं. मुलींना माहीत नव्हतं." बुन्जाकाकू म्हणाल्या, "वीस तारखेला बोलू." एवढंच.

मुलींना मी रागावले नाही. काय सांगणार आणि कुठल्या भाषेत? पण मिओने हे का केलं ते मला कळत नाही. ती बेशिस्त मुलगी नाही. तू तिला हळूच विचारशील का?

हारिम


ओसाका
१२ मे २०१६

चि. हारिम,

विचारलं. माझाच उद्योग आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी मिओला सांगितलं होतं, "घरासमोर पोरांचा समुद्र आहे. तिथून काहीतरी घेऊन जा आणि ज्या घरी पहिल्यांदा जाशील तिथे दे. रिकाम्या हाताने जायचं नाही." तिने ते जसंच्या तसं केलं.

अगं, आमच्या वेळी तो पोरांचाच समुद्र होता! सात-आठ वर्षांच्या आम्ही पोरी, पोटाखाली भोपळा घेऊन तिथेच शिकलो. मोठ्या बायांनी त्या पाण्यात यायचं नाही, ते आमचं. मी आणि मालसून तिथे एका शंखावरून मारामारी करत होतो. तिने माझ्या कानाचा लचका तोडला होता, विचार तिला. तू "आज्यांचा समुद्र" लिहिलंस आणि मी थबकले. मग बसून विचार केला. पोरी उरल्या नाहीत, शिकायला कुणी येत नाही, आणि तिथे शिकलेल्या पोरीच आता आज्या झाल्या. तेच पाणी, त्याच बाया. मी तेवढी मधली वर्षं इथे शिवणयंत्रावर होते, म्हणून मला कळलं नाही.

बारके का घेतले, तेही विचारलं. मिओने एक कागद दिला आहे. मी तो आपल्या भाषेत उतरवून सोबत ठेवते. एक अक्षर माझ्या पदरचं घातलेलं नाही.

"हारिम आत्या, बाबांनी सांगितलं की मी चुकले. मी मोठे शंख तिथेच ठेवले कारण मोठे आज्यांना लागतील. त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांना बारके दिसणार नाहीत. म्हणून मी बारके घेतले. मला वाटलं हे बरोबर आहे. मालसूनआजींनी माझ्यासमोर मान लववली, तेव्हा मला खूप मोठं झाल्यासारखं वाटलं. आता मला ते आठवलं की पोटात दुखतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काना पण सॉरी म्हणते पण ती हसत म्हणते. मिओ."

मालसूनला मी लिहू का? सरळ लिहीन की दोष ओक्सूनचा, पोरीला सोडा.

मावशी


सोलगेत
२१ मे २०१६

मावशीला नमस्कार.

तू लिहिण्याची गरज उरली नाही. काल बैठक झाली. माझं काम झालं नाही.

जसं झालं तसं सांगते. मी उठून तुझं म्हणणं सांगितलं. पोरांच्या समुद्राचं. "ओक्सूनने असं सांगितलं?" मालसूनआजींनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी एकदा शेजारच्या आजींकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला. "ती आपल्या कानाचं सांगते का अजून? लचका नव्हता, नुसता चावा होता!" मग त्या पाण्यातल्या चारही आज्या एकदम बोलायला लागल्या. कुणाचा भोपळा फुटला, कुणाला आईने शंखासाठी बडवलं, कोण पहिल्या बुडीत रडली. बुन्जाकाकूंना दोनदा टाळी वाजवावी लागली.

मिओचं मी घाबरत सांगितलं. मोठे शंख आज्यांसाठी ठेवले म्हणून. मग एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आंधळ्या आपण. ऐकलं का गं?" पुन्हा हशा. मला वाटलं, सुटले.

पण बुन्जाकाकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या.

"पोरींनी काही चोरलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी?"

"मी."

"का नाही सांगितलंस?"

मी खरं तेच म्हणाले. "ते सगळ्यांना माहीतच असतं असं वाटलं."

"इथे जन्मलेल्यांना माहीत असतं. त्या इथे जन्मल्यात का? खाली दोन बाया जवळजवळ असतात, तेव्हा एक म्हणते, दुसरीला दिसलंच असेल. दुसरीला दिसलेलं नसतं. अशा वेळी एकच वर येते." त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं, हे मिओ म्हणते ते मला तेव्हा पटलं. मग म्हणाल्या, "तू खोल पाण्यात येणार नाहीस. हे वर्ष आज्यांच्या समुद्रात राहा. मालसूनआजी सांगतील तसं कर. कुणाला काही म्हणायचं आहे?"

कुणी काही म्हटलं नाही. बाया उठून आपापल्या घरी गेल्या.

मावशी, सव्वीस वर्षांच्या बाईला गुडघाभर पाण्यात पाठवलं. उद्या सगळ्या जणी बोटीतून खोल जातील आणि मी किनाऱ्याशी म्हाताऱ्यांच्या मागून टोपली धरीन. त्या बरोबर बोलल्या, मला त्याचा राग नाही. चूक माझीच आहे. पण मला आपल्यात घ्यायचं नव्हतं तर सरळ तसं सांगायचं.

पुसानला पत्र लिहून ठेवलं आहे. सोमवारी टाकीन. आईची खोली पुन्हा झाडली. का ते माहीत नाही.

हारिम


ओसाका
तातडीचे टपाल
२६ मे २०१६

मुली,

पुसानचं पत्र टाकलंस का? टाकलं असशील तर पोस्टमास्तरच्या पाया पड आणि परत घे. तेत्सुओ हे पत्र आत्ताच घेऊन जातो आहे. जपानी लोक तातडीच्या टपालाला फार मानतात, बघू कधी पोचतं.

तू एवढी शिकलेली आणि तुला एवढं कळू नये? नीट वाच आपलंच पत्र. बुन्जा शेवटी काय म्हणाली? "कुणाला काही म्हणायचं आहे?" आणि कुणी काही म्हटलं नाही! अगं, हाच तो प्रश्न. तो याच्यासाठीच विचारतात. एकीनेही तोंड उघडलं असतं तर तू आज बाहेर असतीस. जिला नको म्हणायचं असतं तिला "घरी जा" म्हणतात, पाणी नेमून देत नाहीत. आपला समुद्र परक्या बाईला कोण देतं? तरुण बाईने हात बुडवायचा नाही अशा पाण्यात तुला उतरायला सांगितलं, तेही मालसूनच्या हाताखाली, आणि तू त्याला हाकललं म्हणतेस!

मला पण त्याच पाण्यात घातलं होतं. मीही रडले होते, मोठ्या बाया बोटीतून गेल्या आणि मला नेलं नाही म्हणून. मालसून रडली नाही, पण तिचं नाक वाहत होतं. आम्ही दोघी तिथूनच सुरू झालो. तुझी आईसुद्धा. तिला तर मीच हात धरून उतरवलं होतं.

आज्यांना हाताखाली कुणी मिळालं नाही किती वर्षं, याचा विचार केलास का? शिकवायचं म्हणून मालसूनने किती जणींची वाट पाहिली असेल? ती तुझ्याकडे बघत नाही म्हणतेस. मला वाटतं ती बघते, तू मान खाली घातलेली असतेस तेव्हा.

रडून झालं की कमरेचा वजनाचा पट्टा तपास. शिसं जास्त घेऊ नकोस, उथळ पाण्यात कमी लागतं.

मावशी

ता. क. आणि तो चावाच होता, असं ती म्हणते? खोटारडी. खूण अजून आहे.


सोलगेत
४ जून २०१६

मावशीला वाकून नमस्कार.

पत्र टाकलं नव्हतं. सोमवारी पोस्टापर्यंत गेले, पण पावसाची भुरभुर आली आणि छत्री घ्यायला घरी परतले. छत्री दारातच होती. तरी पुन्हा गेले नाही. तुझं पत्र त्यानंतर आलं.

बुधवारी आज्यांच्या पाण्यात पहिल्यांदा उतरले. तांबडं शेवाळ काढायचे दिवस आहेत. बोट खोल पाण्याकडे गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. बुन्जाकाकूंनी बोटीतून हात केला. मला वाटलं मागच्या कुणाला असेल. मागे कुणी नव्हतं.

उथळ पाणी सोपं असेल असं मला वाटत होतं. सोपं नाही. खडकांच्या पुढे तिथेही डोकं बुडतं. खोल पाण्यात लाट वरून निघून जाते, इथे ती माणसाला खडकावर घासते. आज्या लाटेबरोबर पुढे जातात, तिच्याचबरोबर मागे येतात आणि त्या येण्याजाण्यात हाताने शेवाळ खुडतात. जमिनीवर ज्यांना काठी लागते त्या पाण्यात शेपटी असल्यासारख्या वळतात. मी तासभर त्यांना बघत राहिले तेव्हा मालसूनआजी वर येऊन म्हणाल्या, "सिनेमा आहे का? खाली ये."

मी गेले. लाटेने आपटले. पुन्हा गेले. वर आले तर तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि शीळ कसली, खोकलाच निघाला. चौघी आज्या आपापल्या भोपळ्यांना धरून हसत होत्या. आपण भोपळा म्हणतो, हल्ली ते फोमचे असतात, केशरी. "ओक्सूनची भाची ना?" एक म्हणाली. "दिसतंय की!" मालसूनआजी माझ्याजवळ पोहत आल्या. माझा पट्टा चाचपला आणि एक शिसं काढून स्वतःच्या पट्ट्यात अडकवलं. म्हणाल्या, "आधी श्वास सोड. मग रड. दोन्ही एकदम जमत नाही कुणाला." आणि एवढ्या जवळून, पहिल्यांदाच, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आईसारखी आहे की नाही, ते बोलल्या नाहीत. तशीच शेवाळाची जुडी माझ्या हातात दिली, "ही तुझ्या जाळीत टाक, तोंड गप्प ठेव," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

मिओला सांग, पुढच्या मेमध्ये ये. आज्यांनी ठरवलं आहे की धक्क्याजवळची एक कपार तिची आणि कानाची, पण माप घेऊन यायचं. अंगठ्याएवढा शंख दिसला तर त्याला सॉरी म्हणून परत ठेवायचा. हसत म्हटलं तरी चालेल. तिच्या पोटात दुखतं म्हटलं, तेव्हा मालसूनआजींनी दोनदा विचारलं, "अजून दुखतं का?" तिला सांग, दुखू देऊ नकोस. तिने मान लववली तशी हल्ली इथली पोरं लववत नाहीत, हे आजींचे शब्द. माझे नाहीत.

पुसानच्या ऑफिसला दुसरं पत्र लिहिलं आणि टाकलंही. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.

पट्ट्याचं तू बरोबर सांगितलंस. तुझं ऐकून शिसं कमी घेतलं होतं, तरी जास्तच झालं.

आता उत्तर लवकर पाठवू नकोस. पाठवलंस तरी वाचायला उशीर होईल. ओहोटीच्या वेळी मी घरी नसते.

तुझी
हारिम